हाडांचे गणित मांडणारा गॅलिलिओ

पुराणांतील राक्षसांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. कोणी ताडाएवढा उंच, तर कोणी पर्वतासारखा धिप्पाड! चित्रकार अशा राक्षसाचे चित्र काढतो, तेव्हा तो बहुधा एक साधा माणूसच घेतो आणि त्याचे सारे अवयव सारख्याच प्रमाणात मोठे करतो. हात दहापट, पाय दहापट आणि हाडेही दहापट. परंतु असा राक्षस खरोखरच भूमीवर उभा राहिला, तर त्याची हाडे त्याचा भार सोसतील काय? हा प्रश्न पोरखेळासारखा वाटतो. तथापि सुमारे चारशे वर्षांपूर्वी इटलीतील एका वृद्ध शास्त्रज्ञाने त्याचा गंभीरपणे विचार केला आणि त्यातून एक नवे शास्त्र जन्मास आले. त्या वेळी तो आपल्या घरातच बंदिवासात होता, आणि त्याची दृष्टी दिवसेंदिवस मंद होत चालली होती. त्या शास्त्रज्ञाचे नाव गॅलिलिओ.

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी पिसा या नगरात झाला. त्याचे वडील व्हिन्चेन्झो हे नामांकित संगीतज्ञ होते. पूर्वीच्या ग्रंथांत लिहिले आहे म्हणून एखादी गोष्ट खरी मानण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. तारेला निरनिराळी वजने टांगून ते तिचा स्वर पारखीत आणि ताण व स्वर यांचा संबंध शोधीत. तारेवर टांगलेले वजन चौपट केल्यावाचून तिचा स्वर एक सप्तक वर चढत नाही, हे त्यांनी असे प्रयोगानेच ताडून पाहिले. स्वतःच्या हाताने मापावे आणि मगच बोलावे, हा धडा गॅलिलिओला घरातच मिळाला.

मुलाने वैद्य व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्याप्रमाणे १५८१ साली गॅलिलिओ पिसाच्या विद्यापीठात वैद्यक शिकू लागला. परंतु भूमितीची गोडी लागताच त्याचे मन वैद्यकातून उडाले. १५८५ साली पदवी न घेताच तो घरी परतला. आर्किमिडीजचे ग्रंथ त्याने झपाटल्यासारखे वाचून काढले. चारच वर्षांनी, ज्या विद्यापीठातून तो पदवीवाचून बाहेर पडला होता, तेथेच तो गणिताचा अध्यापक झाला. पुढे १५९२ साली त्याला पादुआच्या विद्यापीठात जागा मिळाली. तेथे त्याने १८ वर्षे अध्यापन केले.

पादुआपासून जवळच व्हेनिस हे समुद्रात वसलेले वैभवशाली नगर आहे. तेथे त्या काळी युद्धनौका बांधण्याचा एक प्रचंड कारखाना होता. हजारो सुतार, लोहार आणि दोर वळणारे तेथे राबत असत. गॅलिलिओला तेथे हिंडणे फार आवडे. मोठमोठे विद्वान ज्या कारागिरांकडे ढुंकूनही पाहत नसत, त्यांच्याशी तो बरोबरीच्या नात्याने बोलत असे. तेथील अनुभवी कारागीर लहान नौकेपेक्षा मोठ्या नौकेला बांधताना कितीतरी अधिक टेकू देत. असे का, असे विचारले तर ते सांगत, की मोठी नौका आपल्याच भाराने मोडण्याचा संभव असतो. विद्वानांना हे पटत नसे. लहान नौका आणि मोठी नौका यांचा आकार एकच, लाकूड एकच. मग लहान टिकते आणि मोठी मोडते, हे कसे? गॅलिलिओने मात्र कारागिरांचे म्हणणे खोटे मानले नाही. त्या म्हणण्यात काहीतरी मर्म आहे, असे जाणून त्याने ते मनात जपून ठेवले.

पुढे त्याचे आयुष्य निराळ्याच दिशेस वळले. १६०९ साली हॉलंडमध्ये दुर्बीण निघाल्याची वार्ता त्याच्या कानी आली. त्याने स्वतः भिंगे घासून अधिक चांगली दुर्बीण तयार केली आणि ती आकाशाकडे रोखली. चंद्रावरील पर्वत त्याला दिसले. १६१० च्या जानेवारीत गुरूभोवती फिरणारे चार चंद्र त्याने शोधून काढले. त्याची कीर्ती सर्व युरोपभर पसरली आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्सच्या राजदरबारी त्याला मानाचे स्थान मिळाले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचे मत खरे आहे, अशी त्याची खात्री झाली. परंतु हे मत त्या काळच्या धर्मपीठास मान्य नव्हते. १६१६ साली त्याला ताकीद मिळाली. १६३२ साली त्याने या विषयावर संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याला रोमला बोलावून त्याच्यावर खटला भरण्यात आला. २२ जून १६३३ रोजी, वयाच्या ७० व्या वर्षी, त्या वृद्धाला गुडघे टेकून आपले मत चुकीचे असल्याचे जाहीर करावे लागले. त्याच्या ग्रंथावर बंदी आली आणि त्याला जन्मभर नजरकैदेत राहण्याची शिक्षा झाली. त्याचे कोणतेही पुस्तक यापुढे छापण्यास परवानगी देऊ नये, असाही हुकूम सुटला.

एवढा आघात झाल्यावर एखादा मनुष्य पार खचून गेला असता. गॅलिलिओही आरंभी खचला. सुदैवाने काही महिने त्याला सिएना येथे ठेवण्यात आले. तेथील धर्माधिकारी पिकोलोमिनी हा त्याचा चाहता होता. त्याने गॅलिलिओला पाहुण्यासारखे वागविले, त्याच्याशी शास्त्रचर्चा केली आणि त्याचे मन पुन्हा कामाकडे वळविले. आकाशाविषयी लिहिण्याची आता सोय नव्हती. मग गॅलिलिओला व्हेनिसच्या त्या कारागिरांची आठवण झाली. तुळया, खांब, दोर, झाडे आणि हाडे यांवर तर कोणी बंदी घातली नव्हती! मोठ्या वस्तू आपल्याच भाराने का मोडतात, हा जुना प्रश्न त्याने पुन्हा हाती घेतला.

१६३३ च्या अखेरीस त्याला फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथील आपल्या घरी जाण्याची परवानगी मिळाली. जवळच्याच मठात त्याची थोरली मुलगी मारिया सेलेस्ते ही जोगीण होती. तिचे वडिलांवर निरतिशय प्रेम होते. तो रोमला असताना तिने पत्रे लिहून त्याला धीर दिला होता. दर आठवड्यास प्रार्थनास्तोत्रे म्हणावीत, हाही त्याच्या शिक्षेचा एक भाग होता. तो भार तिने आनंदाने स्वतःवर घेतला. परंतु पिता घरी आल्यास चार महिनेही झाले नव्हते, तोच २ एप्रिल १६३४ रोजी अल्पशा आजाराने ती मरण पावली. त्या वेळी ती अवघी ३३ वर्षांची होती. गॅलिलिओच्या दुःखास पारावार राहिला नाही. त्याची झोप उडाली, प्रकृती ढासळली. तरीही काही काळाने त्याने पुन्हा लेखणी उचलली.

या ग्रंथात त्याने तीन मित्रांचा चार दिवसांचा संवाद योजला आहे. पहिल्या दोन दिवसांत पदार्थांच्या बळकटीची चर्चा आहे आणि पुढच्या दोन दिवसांत गतीची. संवादाचा आरंभ व्हेनिसच्या त्या कारखान्यापासूनच होतो. लवकरच एका संगमरवरी स्तंभाची गोष्ट येते. एक मोठा स्तंभ दोन्ही टोकांशी दोन ओंडक्यांवर आडवा ठेवलेला होता. तो मधेच मोडू नये म्हणून एका शहाण्या माणसाने मधोमध तिसरा ओंडका ठेवविला. सर्वांना ही युक्ती पसंत पडली. परंतु काही महिन्यांनी स्तंभ नेमका त्या तिसऱ्या ओंडक्यावरच दुभंगलेला आढळला! झाले होते असे, की टोकाचा एक ओंडका कुजून खाली बसला; मधला मात्र घट्ट राहिला. त्यामुळे स्तंभाचा अर्धा भाग हवेत लोंबकळू लागला आणि आपल्याच भाराने मोडला. स्तंभ लहान असता, तर तो असा मोडला नसता. केवळ वस्तूच्या मोठेपणामुळेच तिला दुबळेपणा येतो, हे गॅलिलिओला यातून दाखवावयाचे होते.

याचे कारण त्याने गणिताने कसे उलगडले, ते पाहा. एक लाकडी ठोकळा घ्या. त्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १ वीत आहे, असे समजा. आता तसेच लहान ठोकळे रचून २ विती लांब, २ विती रुंद आणि २ विती उंच असा मोठा ठोकळा करा. किती लहान ठोकळे लागतील? ८. म्हणजे वजन आठपट झाले. परंतु हा मोठा ठोकळा ज्या तळावर उभा आहे, तो तळ केवळ चौपट झाला. म्हणून तळाच्या प्रत्येक चौरस वितीवर पूर्वी एका ठोकळ्याचा भार होता, तेथे आता दोन ठोकळ्यांचा भार पडला. माप तिप्पट केले तर वजन सत्तावीसपट होते आणि तळ नऊपट. भार तिप्पट वाढतो. माप दहापट केले तर वजन हजारपट आणि तळ शंभरपट, भार दहापट! वस्तू जसजशी मोठी करावी, तसतसे तिचे वजन तिच्या आधारापेक्षा अधिक वेगाने वाढत जाते.

हेच गणित त्याने प्राण्यांच्या हाडांना लावले. एखादा प्राणी सर्व बाजूंनी तिप्पट मोठा झाला, तर त्याचे वजन सत्तावीसपट होईल. परंतु त्याच्या पायाचे हाड आडवे कापून पाहिले, तर त्या छेदाचे क्षेत्रफळ नऊपटच भरेल. म्हणजे हाडाच्या प्रत्येक अंशावर पूर्वीच्या तिप्पट भार येईल. तो भार पूर्वीइतक्याच सहजतेने सोसावयाचा, तर छेदही सत्तावीसपट हवा. त्यासाठी हाडाची जाडी तिप्पट करून भागणार नाही. ती पाचपटीहून अधिक करावी लागेल. ग्रंथात गॅलिलिओने याचे एक चित्रच दिले आहे. त्यात एक लहान, सडपातळ हाड आहे आणि त्याच्याजवळ तिप्पट लांबीचे, परंतु तेच काम करू शकेल असे दुसरे हाड आहे. हे दुसरे हाड इतके जाडजूड आणि बेढब आहे, की ते पाहून हसू येते. ज्याची हाडे अशी, तो राक्षस माणसासारखा दिसेल तरी कसा? माणसाचे प्रमाण राखून राक्षस निर्माण करावयाचा असेल, तर त्याची हाडे अधिक कठीण पदार्थाची हवीत. नाही तर तो माणसाहून दुबळा ठरेल आणि फारच उंच असल्यास आपल्याच भाराने कोसळेल, असा निष्कर्ष त्याने काढला.

मग त्याने आपल्या भोवतालच्या सृष्टीकडे पाहिले. घोडा तीन-चार हात उंचीवरून पडला तर त्याची हाडे मोडतात; कुत्रा तेवढ्याच उंचीवरून पडला तर त्याला इजा होत नाही; आणि मुंगी कितीही उंचावरून पडली तरी खुशाल चालू लागते. लहान कुत्रा आपल्याएवढी दोन-तीन कुत्री पाठीवर वाहू शकेल; घोड्याला मात्र आपल्याएवढा एक घोडाही वाहता येणार नाही. मग देवमासा एवढा अवाढव्य कसा, अशी शंका कोणी घेईल. त्याचेही उत्तर गॅलिलिओपाशी होते. पाण्यात राहणाऱ्या प्राण्याचा भार पाणीच तोलून धरते. त्याच्या हाडांना तो वाहावा लागत नाही.

हाडे पोकळ का असतात, याचाही त्याने विचार केला. पक्ष्याचे हाड, बोरू, गव्हाची काडी या साऱ्या आतून पोकळ. गव्हाची काडी स्वतःहून जड असे कणीस डोक्यावर तोलून धरते. तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच लांबीची भरीव काडी केली, तर ती बारीक होईल आणि लवकर वाकेल. तुम्हीही हे करून पाहा. कागदाचा एक ताव तसाच उभा धरला तर लवतो. त्याचीच नळी केली तर ती ताठ उभी राहते. कागद तोच, वजन तेच. केवळ रचना बदलली. थोडक्या पदार्थात अधिक बळकटी आणि हलकेपणा साधण्याची ही युक्ती निसर्गाने किती ठिकाणी वापरली आहे, हे गॅलिलिओने दाखवून दिले.

ग्रंथ तयार झाला. परंतु छापणार कोण? इटलीत ते शक्य नव्हते. १६३६ साली हॉलंडमधील एल्झेव्हिर नावाचा प्रकाशक आर्चेत्रीस आला आणि हस्तलिखित घेऊन गेला. हॉलंडमध्ये रोमच्या धर्मपीठाची सत्ता चालत नव्हती. १६३८ साली लायडेन येथे ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. गॅलिलिओवर संकट येऊ नये म्हणून, हस्तलिखित आपण एका फ्रेंच सरदाराला भेट दिले होते आणि ते आपल्या नकळत छापले गेले, असा बहाणा त्याने अर्पणपत्रिकेत केला. परंतु हाय! छापलेली प्रत त्याच्या हाती आली, तेव्हा त्याचे दोन्ही डोळे गेले होते. ज्या डोळ्यांनी कोणीही न पाहिलेले तारे पाहिले, त्यांना आपल्या सर्वश्रेष्ठ ग्रंथाचे एक पानही दिसले नाही. त्याने तो केवळ हातांनी चाचपून पाहिला असेल.

तरीही त्याचे काम थांबले नाही. १६३९ पासून विव्हियानी नावाचा एक तरुण विद्यार्थी त्याच्याजवळ राहू लागला. १६४१ मध्ये टॉरिचेली हाही येऊन मिळाला. आंधळा गुरू बोले आणि शिष्य लिहून घेत. ८ जानेवारी १६४२ रोजी गॅलिलिओचा अंत झाला. त्याचे भव्य स्मारक उभारण्याचा फ्लॉरेन्सच्या राजाचा विचार होता. परंतु धर्मपीठाच्या विरोधामुळे त्याचा देह एका लहानशा खोलीत पुरावा लागला. पुढे १७३७ साली त्याच्या अस्थी तेथून काढून सांता क्रोचे या मोठ्या मंदिरात सन्मानाने ठेवण्यात आल्या. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी, गॅलिलिओच्या बाबतीत त्या काळच्या धर्मपंडितांची चूक झाली, हे जाहीरपणे मान्य केले.

गॅलिलिओचे सारेच गणित बिनचूक होते, असे मात्र नाही. भिंतीत रोवलेली तुळई किती भार सोसते, हे काढताना तिच्या सर्व भागांवर सारखाच ताण येतो, असे त्याने धरले होते. वस्तुतः तुळई वाकते तेव्हा तिचा वरचा भाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. ही चूक पुढे फ्रान्समधील मारियोत, पारां आणि कूलोम यांनी टप्प्याटप्प्याने सुधारली. पदार्थावर भार पडला असता तो किती ताणतो, याचा नियम इंग्लंडमधील रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केला, आणि पदार्थाची ताठरता एका संख्येने सांगण्याची कल्पना टॉमस यंग याने १८०७ साली मांडली. गंमत अशी, की यंग हा वैद्य होता. गॅलिलिओने अर्धवट सोडलेली विद्या त्याने पुरी केली होती.

१८६६ साली झुरिच येथे आणखी एक नवल घडले. मेयर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचे वरचे टोक उभे चिरून त्यातील बारीक जाळीची चित्रे काढली होती. ती कुलमान नावाच्या स्थापत्यशास्त्रज्ञाने पाहिली आणि तो चकित झाला. जड ओझे उचलणाऱ्या यारीत भाराच्या रेषा कशा जातात, याची जी आकृती तो काढीत असे, तशीच नक्षी त्या हाडात होती! हाडावर जसा भार पडतो, तसतशी त्याची घडण बदलत जाते, हे बर्लिनचे शल्यवैद्य वोल्फ यांनी १८९२ साली सविस्तर मांडले. म्हणूनच व्यायाम करणाऱ्याची हाडे बळकट होतात, आणि अंतराळात भारहीन अवस्थेत राहणाऱ्या प्रवाशांची हाडे झिजतात.

आज शास्त्रज्ञ क्ष-किरणांच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या हाडाची आतली रचना टिपतात. संगणकात त्या हाडाची प्रतिकृती लाखो चिमुकल्या ठोकळ्यांची मिळून बनवितात, प्रत्येक ठोकळ्याची ताठरता ठरवितात आणि भार पडल्यावर हाड किती वाकेल, कोठे मोडेल, हे गणिताने काढतात. लांब हाडाची लांबीच्या दिशेने असलेली ताठरता पोलादाच्या सुमारे एकदशांश भरते. कृत्रिम सांधा बसविताना वैद्यांना हे ज्ञान उपयोगी पडते. पोलादाचा ताठ दांडा हाडात बसविला, तर बहुतेक भार तोच उचलतो. मग भार न मिळालेले हाड हळूहळू झिजते. म्हणून सांधा घडविताना हाडाचा स्वभाव आधी जाणून घ्यावा लागतो.

या साऱ्या शास्त्राचा पाया आर्चेत्रीच्या त्या लहानशा घरात घातला गेला. सत्तेने गॅलिलिओचे आकाश हिरावून घेतले, तेव्हा त्याने कुत्र्याच्या आणि घोड्याच्या हाडांकडे दृष्टी वळविली आणि तेथेही त्याला निसर्गाचे नियम सापडले. अडाणी समजल्या जाणाऱ्या कारागिराचे साधे बोल त्याने चाळीस वर्षांनंतरही विसरले नव्हते. खरा जिज्ञासू कोणाकडूनही शिकतो आणि कोणत्याही स्थितीत शिकतो, हेच गॅलिलिओच्या चरित्राचे सार आहे.

स्वाध्याय

१. मोठ्या नौकेला अधिक टेकू का देत असत? विद्वानांना ते का पटत नसे?
२. संगमरवरी स्तंभ कसा मोडला, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. एका ठोकळ्याचे माप चौपट केले, तर त्याचे वजन किती पट होईल? तळ किती पट होईल? तळाच्या प्रत्येक चौरस वितीवरील भार किती पट वाढेल?
४. गॅलिलिओने आपला ग्रंथ हॉलंडमध्ये का छापविला?
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : पारावार न राहणे, ढुंकूनही न पाहणे, मर्म, बहाणा.
६. तुमच्या घराजवळील पोकळ, परंतु बळकट अशा पाच वस्तूंची नावे लिहा.